आमच्या दारची पद्मिनी

दिवाळीची साफसफाई माळ्यावरून सुरू होते आणि आमच्याकडे ती दर वर्षी अंगणातल्या गाडीपाशी येऊन अडते. चिंचेच्या झाडाखाली, ताडपत्री पांघरून मामंजींची प्रीमिअर पद्मिनी उभी आहे. मामंजी गेल्यापासून ती हललेली नाही. कोंबड्या तिच्यात अंडी घालतात. यंदा मात्र ह्यांनी ठरवलंच, भंगारात द्यायची. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या की मला धास्ती वाटते.

मी शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते. चितोडच्या राणीची गोष्ट निघाली तेव्हा एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमची गाडी तिचीच का हो?" वर्ग हसला, पण पोरगी चुकली नव्हती. गाडीचं नाव राणीवरूनच ठेवलेलं. मूळची ती इटलीची, फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९६४ पासून त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून तयार होऊ लागली. पुढे फियाटशी करार संपला, माहेरचं नाव गेलं. आधी 'प्रेसिडेंट', मग १९७४ साली 'पद्मिनी'. म्हणजे आपल्यासारखंच की! पण लोक शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. मामंजीसुद्धा.

त्या काळी नवी गाडी हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. म्हणून जुन्या गाडीलाही भाव. १९८५ साली मामंजींनी मुंबईहून ही जुनीच आणली, आणि त्यासाठी सासूबाईंच्या पाटल्या पेणच्या सोनाराकडे गेल्या. "दोन वर्षांत नव्या करून देतो," मामंजी म्हणाले होते. वडखळ नाक्यावरचं आमचं दुकान तेव्हा बरं चालायचं. पण मग नणंदेचं लग्न, घराची कौलं, दिरांचं कॉलेज. पाटल्या राहिल्याच.

गाडीने मात्र राबून दिलं. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या बाजूला, त्यामुळे पुढच्या सलग सीटवर तिघं सहज बसत. गणपती पेणहून तिच्यातूनच यायचे. शेजारच्या दोन बायकांना रात्री-अपरात्री कळा सुरू झाल्या तेव्हा हीच धावली. मागच्या सीटवर त्यांचा हात धरून सासूबाई बसलेल्या. गाडी चालवायला शिकायचं एकदा त्यांच्या मनात आलं होतं. "हातगिअर बायकांना जमायचा नाही," एवढ्यावर ते संपलं.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि पद्मिनीचे दिवस हळूहळू फिरले. नव्या शतकाच्या तोंडावर कुर्ल्याला ती बनणं थांबलं. तरी मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनीच, म्हणून सुटे भाग मिळत. शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही रस्त्यावरून गेली. टॅक्सी कमी होत गेल्या तसे भागही मिळेनासे झाले. त्यात आमच्याकडची खाडीची खारी हवा. दाराचा पत्रा बोटाने दाबला तरी भुगा पडतो.

(मैत्रिणींनो, गाडी भंगारात देण्याआधी आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर पुढे तिचं काही झालं तर निस्तरायचं आपल्याला. आमचे त्यात तीन हेलपाटे झाले.)

परवा माणसं गाडी न्यायला आली. ह्यांनी पैशांसाठी हात पुढे केला, तेवढ्यात सासूबाई ओटीवरून खाली उतरल्या. "ते माझ्याकडे द्या. माझ्या पाटल्यांचे आहेत."

ह्यांच्या मनात त्या पैशांतून पाण्याची टाकी घ्यायची होती. कुणी काही बोललं नाही. सासूबाईंनी नोटा दोनदा मोजल्या, पदरात बांधल्या आणि थेट माझ्यामागे स्वयंपाकघरात आल्या.

"एवढ्यात काय येईल गं?"

"पाटल्या नाही येणार, आई. बारीकशी अंगठी येईल फार तर."

त्या चुलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वजनाची नकोत. पण हातात दोन हवीत."

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी एस.टी.ने पेणला जाणार आहोत. वरचे पैसे माझ्या पगारातले. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.