लिस्बनच्या वेशीबाहेर

लिस्बन शहर पाहावयास चार दिवस पुरतात. मात्र भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाला या शहराकडून जे हवे असते, त्यातील बरेचसे शहरात उरलेले नाही. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपाने, त्यामागोमाग तेजो नदीच्या मुखातून आत घुसलेल्या लाटांनी आणि नंतर कित्येक दिवस धुमसत राहिलेल्या आगीने नदीकाठचा राजवाडा आणि त्याच्या लगतची ‘कासा द इंडिया’ ही कचेरी नष्ट केली. अडीच शतकांचा पूर्वेकडील व्यापार, तांड्यांच्या नोंदी, हिशेब, पत्रे यांचे दप्तर तिच्याबरोबर गेले. आज ज्या प्रशस्त चौकात प्रवासी छायाचित्रे काढीत उभा राहतो, तेथे त्याच्या पायाखाली खरे म्हणजे एक जळालेले दप्तर आहे. म्हणून ज्याला शोधावयाचे आहे त्याने सकाळची गाडी पकडावी आणि वेशीबाहेर पडावे. संध्याकाळपर्यंत परत येता येते, ही या राजधानीची मोठीच सोय आहे.

पहिला फेरफटका बेलेंचा. आता ते शहरातच जमा झाले आहे. पण सोळाव्या शतकात रेश्तेलोचा हा किनारा शहराबाहेरचा होता. येथील लहानशा देवळात रात्र जागवून वास्को द गामा ८ जुलै १४९७ रोजी निघाला, आणि पुढे त्याच जागी, बव्हंशी पूर्वेकडील मालावरच्या करातून, जेरोनिमुश मठाचे ते दगडी वैभव उभे राहिले. मठाच्या चर्चमध्ये गामा आणि कवी कामोंइश यांच्या समाध्या समोरासमोर आहेत. दोघांचेही तथाकथित अवशेष १८८० साली मोठ्या समारंभाने तेथे आणले गेले. १५७२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या महाकाव्यात कामोंइशने याच किनाऱ्यावर एका वृद्धाला उभे केले आहे. तांडा निघत असता तो वृद्ध त्या साऱ्या साहसाचा, कीर्तीच्या हव्यासाचा धिक्कार करतो. साम्राज्याच्या स्तोत्रात कवीने हा धिक्कार निःसंकोचपणे ठेवून दिला आणि स्तोत्र म्हणणाऱ्यांनीही तो गाळला नाही, हे विशेष.

मराठीच्या अभ्यासकाला मात्र या किनाऱ्यावर गामापेक्षा दुसऱ्याच एका उतारूची आठवण अधिक होते. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघालेल्या जहाजातून थॉमस स्टीफन्स हा तरुण इंग्रज जेझुइट ऑक्टोबरात गोव्यास पोचला. तो पुन्हा युरोपास परतला नाही. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने इकडील भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी जुळते असे नमूद केले, आणि १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापून प्रसिद्ध केले. विल्यम जोन्सच्या सुप्रसिद्ध व्याख्यानाआधी दोन शतके सासष्टीत राहणाऱ्या एका पाद्र्याला जे जाणवले, त्याचे बीज या घाटावर गलबतात चढले होते. येथे त्याचे नाव कोरलेले नाही म्हणून खेद करण्याचे कारण नाही. त्याचे स्मारक ओवीत आहे.

कॅश्कायशची गाडी नदीच्या काठाकाठाने समुद्रापर्यंत जाते. कॅश्कायश हे राजघराण्याने फॅशनेबल केलेले उन्हाळी गाव. वाळू, हॉटेले, आइस्क्रीम. त्यावर अधिक लिहिण्याजोगे नाही. पण वाटेत, नदी जेथे समुद्राला मिळते तेथे, सांव ज्युलियांव हा किल्ला लागतो, आणि त्याच्या पायथ्याच्या खडकांकडे पाहून घ्यावे. सप्टेंबर १६०६ मध्ये कोचीनहून आलेले ‘नोसा सेन्योरा दुश मार्तिरेश’ हे जहाज सुमारे नऊ महिन्यांच्या प्रवासानंतर, घर दृष्टीच्या टप्प्यात असताना, या खडकांवर फुटले. त्याच्या पोटातील मिरी लाटांवर काळी साय धरावी तशी पसरली आणि काठचे लोक ती गोळा करावयास धावले. १९९० च्या दशकात पुरातत्त्वज्ञांनी येथे बुड्या मारल्या, तेव्हा सांगाड्याच्या उरलेल्या फळ्यांखाली मिरीचे दाणे थराथराने दडपलेले सापडले. मलबारच्या वेलीवरचे दाणे चारशे वर्षे अटलांटिकच्या तळाशी! कासा द इंडियाचे कागद जळाले. ही नोंद तेवढी पाण्यामुळे राहिली.

माफ्राच्या अवाढव्य राजवाड्यासाठी अर्धा दिवस पुरे. १७१७ मध्ये पाया घातलेल्या या वास्तूच्या ग्रंथालयात सुमारे छत्तीस हजार ग्रंथ आहेत, आणि रात्री ग्रंथांवरील किडे खाण्याचे काम तेथील वटवाघळे करतात. आपल्याकडील ग्रंथपालांनी या योजनेचा विचार करावा, असे सुचविण्याचा मोह होतो.

आणि मग सिंत्रा. रोसियो स्थानकावरून पाऊण तासाच्या आत गाडी डोंगराच्या पायथ्याशी येते. समुद्रावरून येणारे धुके येथे डोंगराला अडते, त्यामुळे लिस्बनला कडक ऊन असताना सिंत्र्याच्या झाडांतून पाणी ठिबकत असते. कोकणातून घाट चढून वर आलेल्या माणसाला हा ओलावा परका वाटत नाही. बायरनने या गावाची इतकी स्तुती करून ठेवली की पुढील पिढ्यांना ते पाहण्यापूर्वीच सुंदर वाटू लागले. रंगीत राजवाड्यापुढे रांगा असतात. त्या रांगा सोडून मोन्सेराटच्या रस्त्याने पश्चिमेकडे चालू लागावे. उजव्या-डाव्या हातांना शेवाळलेल्या उंच भिंती, आणि त्यांतील एका भिंतीमागे पेन्या व्हेर्द ही खाजगी वाडी.

ही वाडी जुआंव द कास्त्रोची. १५३८ साली तो प्रथम गोव्यास आला, त्या प्रवासात त्याने होकायंत्राच्या सुईचे निरीक्षण करून टिपणे केली, गोव्याहून दीवपर्यंतच्या किनाऱ्याचे वर्णन लिहिले आणि घारापुरीच्या लेण्यांपुढे थांबून मापे घेतली. पुढे तो गव्हर्नर झाला, १५४६ साली त्याने दीवचा वेढा उठविला आणि १५४८ मध्ये गोव्यातच मरण पावला. दीवचा किल्ला पुन्हा बांधण्यासाठी त्याने गोव्याच्या नगरसभेकडे आपल्या दाढीचे केस गहाण ठेवल्याची कथा पोर्तुगालात शाळकरी मुलांनाही ठाऊक असे. त्याचा चरित्रकार आणखी एक गोष्ट सांगतो. सिंत्र्याच्या या वाडीतील फळझाडे त्याने तोडविली आणि तेथे रानझाडे लावली. भूमीकडूनही मोबदल्याची अपेक्षा नको म्हणून. घारापुरीची मापे घेणारा, सुईचा कल तपासणारा हा चौकस मनुष्य आणि गुजरातच्या किनाऱ्यावरील गावांना आगी लावणारा सेनापती हे दोघे एकाच देहात नांदत होते. यातील एकालाच खरा मानणे सोपे असते, पण त्यात इतिहास निसटतो.

याच वाडीत सोमनाथ-पाटणहून आलेली एक संस्कृत शिळा आहे. ती कास्त्रोच्या काळात इकडे आली असे परंपरा सांगते. १७९५ साली जेम्स मर्फीने आपल्या पोर्तुगालच्या प्रवासवर्णनात ती प्रसिद्ध केली, चार्ल्स विल्किन्सच्या अनुवादासह. आणि शंभर वर्षांनी ब्यूलरने ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात तिचे संपादन केले. ही विक्रम संवत १३४३ ची, म्हणजे १२८७ ची, वाघेला राजा सारंगदेवाच्या काळातील प्रशस्ती. तिचा नायक त्रिपुरान्तक नावाचा पाशुपत साधू, कवी धरणीधर. लाट देशातील कारोहण येथे लकुलीशाचा अवतार झाला, त्याला चार शिष्य झाले, ही परंपरा या प्रशस्तीत येते. म्हणून पाशुपतांचा इतिहास लिहिणाऱ्या कोणालाही सिंत्र्याला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

परंतु प्रशस्तीतील सर्वांत जिवंत भाग प्रवासाचा आहे. त्रिपुरान्तक केदारला जातो, प्रयागी स्नान करतो, श्रीपर्वताला प्रदक्षिणा घालतो, रेवातीरी राहतो, गोदावरीकाठी त्र्यंबकाचे दर्शन घेतो, सेतुबंधी रामेश्वराला पोचतो आणि शेवटी सागरतीरावरील देवपट्टणाला येऊन तेथे स्थिर होतो, पाच देवळे बांधतो. देवांच्या पूजेसाठी माळ्यांनी रोज फुले पुरवावीत अशी व्यवस्थाही शिळेवर कोरलेली आहे. बारा वर्षांनी, १२९९ मध्ये, अलाउद्दीन खिलजीच्या फौजा गुजरातेत उतरल्या. फुलांची ती व्यवस्था त्यानंतर किती दिवस चालली असेल? शिळा मात्र तगली, आणि ज्या साधूने भारताच्या चारी दिशा पायाखाली घातल्या त्याचे चरित्र आफ्रिकेला वळसा घालून या धुक्यात येऊन पडले. त्र्यंबकचे नाव असलेला दगड अटलांटिकच्या वाऱ्यात उभा आहे, हे नाशिककराला ऐकून माहीत नसते आणि सिंत्रेकराला वाचून कळत नाही.

ती परत आणावी काय, असा प्रश्न हल्ली सभांतून विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. लूट ही लूटच. गोव्यात १५४० साली तिसवाडीतील देवळे पाडणाऱ्या सत्तेने आपल्या बागेत परदेवतेची स्तुती शोभेसाठी मांडावी, यातील विसंगती कोणत्याही सौजन्याने झाकता येण्यासारखी नाही. तथापि परत मागण्याच्या आवेशात एक गोष्ट विसरली जाते. ही शिळा ज्यांच्या डोळ्यांसमोर होती त्यांना ती अडीच शतके वाचता आली नाही. आणि ज्यांना ती वाचता येते त्यांतील कितीजणांनी ब्यूलरचा पाठ आज पुन्हा काढून पाहिला आहे? भारतीय भाषांत या प्रशस्तीचे सटीप, वाचनीय भाषांतर सहज हाती लागावे, विशेषतः गुजरातीत आणि मराठीत. त्याला कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही.

पेन्या व्हेर्दचे दार बहुधा बंदच असते. याच रस्त्याने पुढे मोन्सेराटच्या उद्यानात १८५७ नंतर हिंदुस्थानातून आणलेली एक कोरीव कमान वाटेवर उभी केली आहे. तिच्याखालून तिकीट काढलेले प्रवासी दिवसभर जात असतात, लहान मुले खांबांना हात लावून पळतात, आणि पाचच्या सुमारास स्थानकाकडे जाणारी बस कोपऱ्यावर येऊन थांबते.