छर्ऱ्याच्या बंदुकीची बाजू

पुणे

प्रिय सतीशराव,


एअरगनवर बंदी घालावी अशी मागणी सहसा एखाद्या मृत्यूच्या मागोमाग येते. 2005 च्या मार्चमध्ये ग्लासगोच्या ईस्टरहाउस वस्तीत छर्रा डोक्यात लागून दोन वर्षांचा मुलगा दगावला, आणि स्कॉटलंडमध्ये त्यावरून पेटलेली चर्चा दहा वर्षांनी कायदा होऊनच थांबली. एअरगनवाल्यांनी अशा मागणीला काय उत्तर द्यावे, हे समजायला हे उदाहरण पुरेसे आहे. तिथले छंदवाले गप्प बसले नव्हते. ते भरपूर बोलले आणि तरीही हरले.

ब्रिटनमध्ये मुळात नियम असा होता की, रायफलच्या छर्ऱ्याची ऊर्जा नळीच्या तोंडाशी 12 फूट-पौंडांच्या, म्हणजे साधारण 16.3 ज्यूलच्या आत आणि पिस्तुलाची 6 फूट-पौंडांच्या आत असेल तर प्रमाणपत्र लागत नसे. पुढे एकेक अट चढत गेली. 2003 च्या कायद्याने सार्वजनिक जागी सबळ कारणाशिवाय एअरगन जवळ बाळगणे, मग ती भरलेली असो वा नसो, गुन्हा ठरवले. 2006 च्या कायद्याने खरेदीचे वय 18 केले आणि दुकानदाराने गिऱ्हाइकाला समोरासमोरच बंदूक द्यावी असे बंधन घातले. 2011 पासून ती मुलांच्या हाती पडू नये याची वाजवी काळजी घेणे मालकाचे कर्तव्य झाले. इंग्लंड आणि वेल्समध्ये गाडी साधारण इथेच थांबली आहे.

स्कॉटलंड पुढे गेला. 2012 च्या स्कॉटलंड अधिनियमाने एअरगनविषयी कायदा करण्याचा अधिकार एडिंबरोच्या संसदेकडे आला आणि त्याच वर्षाच्या शेवटी सरकारने परवाना पद्धतीवर लोकांची मते मागवली. आलेल्या उत्तरांत मोठे बहुमत विरोधाचे होते. नेमबाजांच्या संघटनांचे मुद्देही खोटे नव्हते: गैरवापराला शिक्षा आधीच आहे, एअरगनचे गुन्हे घटत चालले आहेत, पोलिसांवर कामाचा बोजा पडेल, गुन्हेगार परवाना मागायला येणारच नाही. तरीही 2015 मध्ये कायदा मंजूर झाला आणि 31 डिसेंबर 2016 पासून स्कॉटलंडमध्ये प्रमाणपत्राशिवाय एअरगन बाळगणे गुन्हा झाले.

विरोधाच्या उत्तरांची चवड का हरली, याचे उत्तर त्या मुद्द्यांच्या जातीत आहे. सगळे मुद्दे मालकाच्या गैरसोयीचे किंवा सरकारच्या खर्चाचे होते. मागणी करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा होता: देशात पाच लाख एअरगन असाव्यात असा सरकारचाच अंदाज, आणि त्या कोणाकडे आहेत हे कोणालाच ठाऊक नाही, हे चालेल का? या प्रश्नाला ‘आम्ही सगळे जबाबदार आहोत’ हे उत्तर होत नाही, कारण ते तपासायची सोयच नव्हती. स्कॉटलंडमधल्याच डनब्लेनच्या गोळीबारानंतर पिस्तूलवाल्यांचेही असेच झाले होते. 13 मार्च 1996 रोजी तिथल्या शाळेत 16 मुले आणि त्यांची शिक्षिका मारली गेली. लॉर्ड कलेन यांच्या चौकशी अहवालाने सरसकट बंदीऐवजी आधी नेमबाजांची पिस्तुले एरवी निकामी करून ठेवण्याचा मार्ग सुचवला होता. सरकार त्यापुढे गेले आणि 1997 मध्ये दोन कायद्यांनी आधी मोठ्या, मग .22 बोअरच्या पिस्तुलांवरही बंदी आली. बंदीच्या अर्जावर सात लाखांच्या आसपास सह्या होत्या. तेव्हा तांत्रिक युक्तिवाद ऐकायला कोणी तयार नव्हते, आणि त्याबद्दल लोकांना दोष देणेही बरे नव्हे.

म्हणून अशा घटनेनंतरच्या पहिल्या दिवसांत मौन पाळणे हेच शहाणपण. ‘सुरीनेही माणूस मरतो, मग सुऱ्यांवर बंदी घालणार का?’ हा सवाल तर कधीच करू नये. सुरीशिवाय स्वयंपाकघर चालत नाही, एअरगनशिवाय घर चालते. विचारणाराच त्यात अडकतो.

दुसरे लोकप्रिय उत्तर म्हणजे ‘ही खरी बंदूकच नव्हे.’ जत्रेत फुगे फोडण्याच्या स्टॉलवर हिची पहिली ओळख होते, त्यामुळे मराठी माणसाला ते लगेच पटते. कायद्याला पटत नाही. भारताच्या 1959 च्या शस्त्र कायद्यातली अग्निशस्त्राची व्याख्या स्फोटकाच्या किंवा ‘अन्य प्रकारच्या ऊर्जेच्या’ जोरावर गोळी फेकणारे शस्त्र, इतकी व्यापक आहे. दाबलेली हवा त्यात येते. परवान्यातून सूट ही सवलत आहे, आणि जी वस्तू आपण खेळणे म्हणून सांगतो ती मुलांच्या हाती देण्यापासून लोकांना अडवायचा नैतिक अधिकारही आपण गमावतो. ऊर्जेचे आकडे या बाबतीत दोन्ही बाजू सांगतात. दहा मीटरच्या स्पर्धेतल्या एअर रायफलचा छर्रा अर्ध्या ग्रॅमहून किंचित जड, वेग सेकंदाला सुमारे 170 मीटर. ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास. .22 रिमफायर गोळीची ती सहसा दीडशे ज्यूलच्या आसपास असते. फरक प्रचंड आहे आणि तो जरूर सांगावा. पण त्याच दमात हेही सांगावे की डोळा फोडायला किंवा लहान मुलाच्या पातळ कवटीत घुसायला यातली थोडी ऊर्जा पुरते. पहिले वाक्य दुसऱ्याशिवाय उच्चारले की ऐकणाऱ्याला ते लबाडीचे वाटते.

या खेळाचे खरे बळ वेगळ्या ठिकाणी आहे. 10 मीटर एअर रायफल 1984 पासून ऑलिंपिकमध्ये आहे. तिच्या निशाणातला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. अभिनव बिंद्राने 2008 मध्ये बीजिंगला जिंकलेले भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण याच प्रकारातले आणि ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलचे 2022 चे जगज्जेतेपदही. मात्र ही नावे ढाल म्हणून पुढे करण्यात एक धोका आहे. स्पर्धेतला नेमबाज प्रशिक्षकाखाली, बंद रेंजवर खेळतो. मागच्या अंगणात पत्र्याच्या डब्यावर किंवा पोपटावर नेम धरणारा त्याच्या पुण्याईवर जगू शकत नाही. बंदी मागणाऱ्याला हा फरक लगेच दिसतो. म्हणून तो क्लबांनी आपल्या तोंडाने आधी मांडावा.

अरुणाचल प्रदेशात 2021 मध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातल्या लुमडुंगपासून सुरू झालेली एअरगन समर्पण मोहीम इथे आठवते. वन्यजीव आणि पक्षी वाचवण्यासाठी गावकऱ्यांना एअरगन स्वेच्छेने सोडायला सांगितले गेले आणि दोन हजारांहून अधिक जमा झाल्या. त्या भागात एअरगन मुख्यतः शिकारीचे साधन, त्यामुळे तिथे क्रीडा नेमबाजीचा कैवार घेणे अप्रस्तुत ठरेल. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे. छर्ऱ्याने संरक्षित पक्षी मारणे हा बंदुकीला परवाना असो वा नसो, गुन्हाच. जो छंदवाला हा गुन्हा उघडपणे गुन्हा म्हणतो, त्याचेच पुढचे बोलणे ऐकले जाते.

आता प्रश्न उरतो कशाला होकार द्यायचा आणि कुठे अडायचे. स्कॉटलंडचा कायदा बारकाईने वाचला तर दिसते की प्रमाणपत्र माणसाला मिळते, प्रत्येक बंदुकीला वेगळे नाही. मुदत पाच वर्षांची. एक ज्यूलपर्यंतची साधने वगळलेली. मान्यताप्राप्त क्लबांसाठी आणि बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी वेगळी तरतूद. छंद तगतो की मरतो हे अशा कलमांवर ठरते, आणि ती घडवायला रेंज चालवणाऱ्यांचा अनुभव लागतो. ‘परवाना नकोच’ एवढेच म्हणणारा चर्चेच्या टेबलावरून स्वतःच उठतो. सरसकट बंदीला मात्र ठाम नकार द्यावा, कारण तिच्यामुळे नोंद, प्रशिक्षण आणि क्लबची देखरेख या गोष्टी बुडतात आणि माळ्यावरची विसरलेली बंदूक तशीच राहते.

भारतात 2016 च्या शस्त्र नियमांनी रेषा 20 ज्यूल आणि 4.5 मिलिमीटर (.177) बोअरवर आखली, याच्या वर परवाना. बाजारातल्या बऱ्याच पीसीपी (आधी दाबाने हवा भरून ठेवायच्या) रायफलींच्या दाबाचा नियामक फिरवून किंवा स्प्रिंग बदलून ऊर्जा वाढवता येते, आणि हौशी मंडळींत त्याच्या गप्पा उघड चालतात. बंदीची मागणी होण्याआधीच क्लबाने करायचे काम हे: सभासदाची रायफल वर्षातून एकदा क्रोनोग्राफवर (छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) तपासावी, छर्ऱ्याचे वजन आणि वेग वहीत लिहावा, मर्यादेबाहेरच्या बंदुकीला रेंजवर जागा देऊ नये, घरी कुलपाच्या कपाटाची अट घालावी आणि छर्रे वेगळे ठेवायला लावावे. उद्या मते मागवली गेली तर क्लबाने ती वही सोबत जोडावी.



आपला,
माधव