खडीच्या खाणीतली यूएस ओपन

सिएटलहून आय-फाइव्ह महामार्गाने दक्षिणेला निघालं की टॅकोमा ओलांडल्यावर युनिव्हर्सिटी प्लेस लागतं. गाव तसं झोपाळू. पण त्याच्या पश्चिम कडेला जमीन एकदम खाली उतरते आणि पुढे प्युजेट साउंडचं पाणी पसरलेलं दिसतं, त्यापलीकडे फॉक्स बेट. या उतारावर चेंबर्स बे हे गोल्फचं मैदान आहे. 2015 ची यूएस ओपन इथे झाली. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात ही स्पर्धा प्रथमच आली आणि तिच्यावरून भांडणंही भरपूर झाली.

माझे भावोजी सिएटलकर आणि गोल्फवेडे. गाडीतच त्यांनी सुनावलं, "त्या वर्षी मैदानाला शिव्या घालणारे बहुतेक हरलेलेच होते. बघून ठरवा."

मैदान पिअर्स काउंटीचं, म्हणजे सार्वजनिक. त्याला वळसा घालणारी पायवाट कोणालाही खुली आहे. पूर्वी इथे वाळू-खडीची खाण होती. रॉबर्ट ट्रेंट जोन्स ज्युनिअर यांच्या चमूने तिथल्याच वाळूच्या टेकड्या रचल्या आणि 2007 मध्ये मैदान सुरू झालं. खाणीच्या काळातल्या काँक्रीटच्या भल्यामोठ्या भिंती त्यांनी पाडल्या नाहीत. अख्ख्या मैदानावर झाड एकच, पंधराव्या होलच्या मागचं फरचं. पाण्याच्या कडेने रेल्वेची लाइन आहे. आम्ही उभे असताना एक मालगाडी धडधडत गेली. खाली चेंडू हलकेच भोकाकडे ढकलत, म्हणजे पट मारत असलेल्या माणसाने मान वर केली नाही.

गवत तपकिरी होतं. टीव्हीवर बघणाऱ्यांनी तेव्हा नाकं मुरडली ती या रंगावरून, आणि ती तक्रार मला मान्य नाही. फेस्क्यू जातीचं गवत उन्हाळ्यात असंच सुकतं. चेंडू टप्पा घेऊन लांबवर घरंगळावा म्हणूनच ते लावतात. हिरवा गालिचा हवा असेल त्याने ऑगस्टाच्या मैदानावर जावं.

खरा वाद ग्रीनचा, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीचा. तिथल्या फेस्क्यूत पोआ ॲनुआ नावाचं गवत घुसलं होतं. स्पर्धेतला हेन्रिक स्टेन्सन म्हणाला, ब्रोकोलीवर पट मारल्यासारखं वाटतं. रोरी मॅकिलरॉयने रंग बघून दुरुस्ती सुचवली, ब्रोकोली नव्हे, फ्लॉवर.

"पण उंचसखल ग्रीन सगळ्यांनाच होत्या ना?" भावोजी म्हणाले. "जॉर्डन स्पीथ जिंकलाच की, पाच अंडर पारने, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा पाच कमी मारून."

हा युक्तिवाद आपल्याला क्रिकेटमुळे पाठ आहे. त्याच वर्षी नागपूरच्या जामठ्याला दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी तीन दिवसांत आटोपली, तेव्हाही आपण हेच म्हणत होतो. आयसीसीने मात्र खेळपट्टीला 'खराब' असा शेरा दिला. इथे तर 'सगळ्यांना सारखं' हेही खरं नव्हतं. पोआ फेस्क्यूपेक्षा भराभर वाढतं. सकाळी कापलेली ग्रीन दुपारपर्यंत खडबडीत होते, आणि शेवटच्या दिवशी आघाडीचे खेळाडू दुपारीच उतरतात. डस्टिन जॉन्सनला अठराव्या होलवर साधारण बारा फुटांवरून विजयाची संधी होती. तिथून त्याला तीन पट लागले आणि स्पीथशी बरोबरीही हुकली. त्याचा चेंडू गवतामुळेच चुकला असं मी म्हणणार नाही, दडपण होतंच. पण अशा वेळी गवतावर संशय घेता येणं हाच मैदानाचा दोष.

यावर भावोजी गप्प बसले नाहीत. त्यांनी मला अठराव्या होलच्या फेअरवेमधला माणसाला गिळेल इतका खोल बंकर दाखवला. ही होल कधी पार चार, कधी पार पाच अशी खेळवली. पार चार असताना स्पीथने तिला मूर्ख होल ठरवलं होतं. मला ती आवडली. मोठ्या स्पर्धेत थोडा खट्याळपणा हवाच.

चालता चालता माझं मत प्रेक्षकांच्या बाजूने पक्कं होत गेलं. हे उतार इतके घसरडे आणि होल इतक्या आडोशाला, की माणसांनी उभं राहायचं कुठे? आठव्या होलच्या कडेने तर प्रेक्षकांना जाऊच दिलं नव्हतं. तिकीट काढून आलेल्यांना डोंगरावरून दुर्बिणीने ठिपके पाहावे लागत असतील, तर ती जागा यूएस ओपनची नव्हे. गवत बदलता येतं, टेकड्या हलवता येत नाहीत.

गवत मैदानवाल्यांनी बदललंही. नंतर सगळ्या ग्रीनवर पोआच लावलं, म्हणजे दोन गवतांची सरमिसळ उरली नाही, आणि 2022 मध्ये महिलांची यूएस ॲमॅच्युअर स्पर्धा इथे झाली. जपानची साकी बाबा जिंकली. पुरुषांची यूएस ओपन मात्र परत आलेली नाही.

माझा निकाल असा: खेळायला पहिल्या दर्जाचं, बघायला नापास. भावोजींना तो अर्धाच मंजूर आहे. सिएटलला कोणाकडे गेलात तर पायवाटेवरून एक फेरी मारून तुम्हीच ठरवा. चढ दमवतो, तेव्हा पाण्याची बाटली न्या.