खुंट्यांशिवायची गिटार

गेले तीन वीकांत माझ्या टेबलावर गिटार सोडून गिटारचं सगळं सामान पडलेलं आहे. टिंबर मार्केटातून आणलेला सागवानाचा तुकडा, बोहरी आळीतल्या अ‍ॅलन की, बुधवार पेठेतून आणलेली तांब्याची चिकटपट्टी आणि तुलनेची नऊ पानं भरलेली एक वही. ऑफिसात डेटाबेस निवडताना सुद्धा मी एवढा कीस पाडत नाही.

हेडलेस गिटार बनवतोय म्हटल्यावर आईने पहिलाच प्रश्न विचारला, "डोकंच नाही? मग तारा पिळणार कुठे?"

प्रश्न अगदी बरोबर होता. साध्या गिटारला गळ्याच्या टोकाशी खुंट्या असतात. हेडलेसमध्ये तिथे फक्त तार आवळून धरणारा स्क्रू असतो आणि सूर लावायची सगळी यंत्रणा खाली, घोडीपाशी जाते. फायदा असा की वजन बॉडीकडे येतं, पट्टा लावून उभं राहिलं की गळा जमिनीकडे झुकत नाही आणि गिटार वीतभर आखूड होते. वन बीएचकेमध्ये राहणाऱ्याला वीतभर म्हणजे काय ते मी सांगायला नको :)

ही कल्पना गाजवली ती नेड स्टाइनबर्गर या फर्निचर डिझायनरने. १९८० च्या सुमारास त्याने बिनडोक्याचा, कार्बन फायबर वापरलेला बास बाजारात आणला. पुढे अ‍ॅलन होल्ड्सवर्थसारख्या वादकाने त्याच्या गिटारी वाजवल्या. मध्यंतरी ही फॅशन मागे पडली होती, ती स्वीडनच्या ओला स्ट्रँडबर्गने २००७ पासून पुन्हा वर आणली. स्टाइनबर्गरच्या मूळ पद्धतीत दोन्ही टोकांना गोळी असलेल्या खास तारा लागतात. त्या इथल्या दुकानात सहज मिळत नाहीत, त्यामुळे तो पर्याय पहिल्याच पानावर खोडला. साधी एका गोळीची तार चालली पाहिजे, ही अट पक्की.

मग मी तेच केलं जे आपण सगळेच करतो. सगळ्यात स्वस्त सेट मागवला. झिंक मिश्रधातूचा, फोटोत एकदम चकाचक. फळीवर ठोकून एकेक तार चढवून बघितली. तार ताणली गेली की नॉब बोटांनी फिरेना. पकडीने फिरवला तर आतून काळी भुकटी पडायला लागली. आईने गंमत म्हणून हात लावला आणि लगेच काढून घेतला. "नको रे बाबा, अंगठा दुखतो."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. कपाटाशेजारी आईचा मिरजेचा तंबोरा खोळीत उभा आहे. दोन वर्षं झाली, तिने तो लावलेला नाही. सांधेदुखीमुळे खुंट्या फिरवता येत नाहीत, म्हणून फोनवरच्या तानपुऱ्यावर रियाज चालतो. माझ्या कधी डोक्यातही आलं नाही की रविवारी सकाळी दहा मिनिटं काढून तो आपण लावून द्यावा.

खोळ काढली. तिने घोडीच्या खालचे मणी दाखवले. "खुंटीने स्वर गाठायचा आणि मण्याने नेमका करायचा. तुझ्या गिटारला खुंटी नाहीच, नुसते मणी आहेत."

नऊ पानांत मला जे मांडता आलं नव्हतं ते तिने दोन वाक्यांत सांगितलं. खुंटी नाही म्हणजे तार आधी पकडीने ओढून, ढील काढूनच स्क्रूखाली आवळायची. उरलेलं काम नॉबच्या काही मिलिमीटरच्या प्रवासात बसलं पाहिजे. मग गणित केलं. ६४८ मिमी लांबीवर सगळ्यात बारीक, वरच्या ई ची तार सुरात येईपर्यंत साधारण साडेचार मिमी ताणली जाते. बिनगुंडाळीची जी मात्र फक्त दीड-पावणेदोन मिमी. आणि जी अर्धा स्वर चढवायला लागतात जेमतेम ०.२ मिमी! नेहमीच्या चार मिमी स्क्रूचे आटे ०.७ मिमीचे असतात, म्हणजे पाव फेऱ्याहून जरा जास्त फिरवलं की काम झालं. अर्ध्या मिमीच्या बारीक आट्यांवर तेवढ्याच बदलाला जवळपास अर्धा फेरा मिळतो आणि बोटांना जोरही कमी लागतो.

तर निवड अशी ठरली. सुट्या सहा घोड्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा सेट, आत बारीक आट्यांचे स्टीलचे स्क्रू, नॉबखाली पितळी वॉशर आणि नॉबला अ‍ॅलन कीचं भोक. पैसे तिप्पट गेले. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: अ‍ॅनोडाइज केलेला थर वीज वाहू देत नाही. प्रत्येक घोडीचा तळ खरवडून त्याखाली तांब्याची पट्टी घालून अर्थिंग केलं नाही, तर अ‍ॅम्प सतत गुणगुणत बसेल.

काल नवा सेट त्याच फळीवर लावला, एकच तार, जी. आईला म्हटलं, फिरवून बघ. जी च्या वर अर्धा स्वर म्हणजे काळी चार, तिची पट्टी. तिने दोन बोटांनी नॉब फिरवला, थांबली, तार छेडली, पुन्हा केसभर फिरवला. अंगठा दुखल्याचं काही बोलली नाही. फोन बाजूला ठेवून फळीवरच्या त्या एका तारेवर ती पाचेक मिनिटं सा लावत बसली.

मग म्हणाली, "बरा आहे. पण तंबोऱ्याच्या खुंट्या कधी बघतोस?"

गिटारचं लाकूड पुढच्या शनिवारी कापू. हा रविवार तंबोऱ्याचा.