डबल बेल

लहानपणी आजीबरोबर मुंबईत बेस्टच्या बसने परळहून दादरला जाताना माझं सगळं लक्ष कंडक्टरच्या चिमट्याकडे असायचं. पत्र्याच्या पेटीतून तो रंगीत तिकीट ओढायचा, टक्कन भोक पाडायचा आणि सगळे नीट चढले की दोरी ओढून दोनदा घंटी द्यायचा. डबल बेल झाली की गाडी सुटायची. ड्रायव्हर मागे वळून बघत नसे. त्या आवाजावर त्याचा भरवसा असे.

आता बेस्टच्या बऱ्याचशा गाड्या भाडेतत्त्वावर आहेत. अशाच 1400 विजेच्या बससाठी बेस्टने फेब्रुवारी 2022 मध्ये निविदा काढली. बस आणि ड्रायव्हर कंपनीचे, पैसे किलोमीटरच्या हिशेबाने. वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला तो एका अटीवरून: एकदा चार्ज केलेली बस प्रत्यक्ष रस्त्यावर 200 किलोमीटर धावली पाहिजे. टाटा मोटर्सने या अटीपासून फारकत घेतली म्हणून बेस्टने तिची निविदा बाद केली आणि काम इव्ही ट्रान्स या कंपनीला दिलं. 5 जुलै 2022 च्या निकालात न्यायालयाने टाटांना बाद ठरवणं योग्य मानलं. पण बेस्टने इव्हीचं एक परिशिष्ट मुदत उलटल्यावर स्वीकारलं होतं, म्हणून तिला दिलेलं कामही रद्द केलं.

दोघींना एकच माप लावणारा तो निकाल मला भावला. 200 हा आकडा कागदावर कोरडा दिसतो. पण चार्ज दिवस मावळायच्या आत संपला, तर बस डेपोत परतते आणि संध्याकाळची फेरी गळते. चार घरची धुणीभांडी आटोपून निघालेली बाई मुठीत सुटे पैसे धरून थांब्यावर उभीच राहते. तो आकडा तिचा आहे. शहर स्वतःच्या गाड्या चालवतं तेव्हा प्रवाशाला दिलेला शब्द त्याच्या हातात असतो. गाड्या भाड्याने घेतल्या की तोच शब्द करारातल्या अटींमध्ये जाऊन बसतो. मग अट सैल झाली की शब्दही सैल होतो.

19 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने इव्हीचं काम रद्द करणारा भाग फिरवला. लोकोपयोगी कामांच्या निविदांत न्यायालयांनी जपून हात घालावा, असं त्याचं म्हणणं. तेही मला पटतं, कारण दोन निकालांमध्ये साडेदहा महिने गेले, आणि थांब्यावरच्या बाईला कोर्टाच्या तारखांवर घरी जाता येत नाही. नियम तिच्यासाठी आहे आणि घाईही तिच्यासाठीच आहे. या दोन्हींचा मेळ घालणं अवघड असलं, तरी तो घालताना ती नजरेसमोर हवी.

परवा भाड्याच्या एका बसमध्ये बसले होते. कंडक्टरचा पगार एका दारातून येतो, ड्रायव्हरचा दुसऱ्या. एक म्हातारी दांडा धरून चढत होती. कंडक्टरने तिला हात दिला, खिडकीशी बसवलं, पिशवी पायाशी ठेवली आणि मगच डबल बेल दिली. तोवर ड्रायव्हर थांबून होता.