नको म्हणणारा हात

नाईलकाठच्या लक्सरला सकाळ आधी कानांना कळते. पलीकडच्या तीरावरचे उघडेबोडके डोंगर अजून राखाडी असतात, फेलुका होड्यांची शिडं गुंडाळलेली असतात, पाण्यावर उजेडाची पहिली जरतारी रेघ नुकती कुठे थरथरू लागलेली असते, आणि तेवढ्यात कोर्निशवरून, नदीला बिलगून गेलेल्या त्या लांबलचक रस्त्यावरून, हाका येऊ लागतात. घोडागाडीवाल्याची, होडीवाल्याची, टोप्या विकणाऱ्याची, पपायरसच्या गुंडाळ्या काखेत मारून उभ्या असलेल्या तरुणाची. ‘हॅलो, माय फ्रेंड!’ ‘इंडिया? अमिताभ बच्चन!’ ‘वन डॉलर, वन डॉलर!’ एक हाक विरते न विरते तोच दुसरी तिच्या जागी उगवते. खाली टापांचा ठेका आणि वर हे आर्जवाचे सूर.

हाक आली की मान वळते. हे शरीराला कुणी शिकवावं लागत नाही. जिथं आपल्याला कुणीच ओळखत नाही अशा मुलखात कुणीतरी आपल्याला उद्देशून बोलावं, आपल्या देशाचं नाव घ्यावं, यात क्षणभर ऊबच असते. मग त्या उबेपाठोपाठ एक हात पुढे येतो. हातात लहानसा दगडी भुंगेरा असतो. ‘गिफ्ट, गिफ्ट’ म्हणत तो आपल्या तळव्यावर ठेवला जातो, आपली बोटं हलकेच मिटवली जातात, आणि ती उघडून हा परत कसा करायचा, हा प्रश्न मुठीत थंडगार होऊन बसतो.

नकाराला वजन असतं.

अनुभवी प्रवासी यावर उपाय सांगतात. बघू नका, उत्तर देऊ नका, गॉगल लावा आणि चालत राहा. सल्ला व्यवहाराचा आहे आणि तो लागूही पडतो. नजर मिळाली नाही की हाक चार पावलं मागोमाग येते आणि गळून पडते. पण दिवसभर नजर चुकवत चाललं की नजरेलाच ते वळण लागतं. माणसांना टाळता टाळता ती उन्हाला, पाण्याला, भिंतीवरच्या सावलीलाही टाळू लागते. कर्नाकच्या देवळाच्या महामंडपात १३४ खांब उभे आहेत. दगडाचं ते वन, मधल्या उंच खांबांच्या माथ्यावर उमललेली पपायरसची फुलं, त्यांच्यामधून तिरपे उतरणारे धुळकट सोनेरी पट्टे, सगळं माझ्यासमोर होतं. मी वर पाहत होते आणि कान पाठीकडे होते, कुणाची पावलं मागून येताहेत का याचा अदमास घेत. तीन हजारांहून अधिक वर्षं उभा असलेला दगड उघडा होता, आणि त्याच्यापुढे मी मिटलेली.

मिटलेल्या माणसाला देऊळ दिसत नाही.

या हाकांच्या मागे रिकामी वर्षं आहेत. २०१० साली इजिप्तमध्ये सुमारे १ कोटी ४७ लाख पाहुणे आले होते. २०११ च्या उठावानंतर हा ओघ आटत गेला आणि २०१६ मध्ये तर तो साठ लाखांच्याही खाली उतरला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात इजिप्शियन पौंडाची किंमत जवळजवळ निम्म्यावर आली. आकड्यांना एरवी चेहरा नसतो, पण लक्सरमध्ये याच आकड्यांना घोड्याच्या बरगड्या होत्या, काठाला एकमेकींना टेकून बांधून ठेवलेल्या प्रवासी बोटी होत्या, ऊन खाऊन फिकट झालेल्या आणि कुणी न नेलेल्या शाली होत्या. पुढे पाहुणे परतले. हाकेतली धास्ती मात्र पुरती गेली नाही. आपल्यासोबत दहा पावलं चालणारा माणूस ती दहा पावलं आपल्या घराचा विचार करत चालत असतो. हे एकदा उमगलं की त्याची हाक कर्कश वाटत नाही. तिच्यातला घसा जाणवतो.

लहानपणी आमच्या दारात बोहारीण यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर जुन्या कपड्यांचं गाठोडं. आतून ओरडून ‘नको’ म्हणणं माझ्या आईच्या स्वभावात नव्हतं. ती पदराला हात पुसत उंबऱ्यापर्यंत येई, ‘आज नको गं बाई, परवा ये,’ म्हणे, आणि तांब्याभर पाणी पुढे करी. बोहारीण पाटी उतरवून पायरीवर टेकायची, घटाघटा पाणी प्यायची, लेकीच्या बाळंतपणाचं नाहीतर दुखऱ्या गुडघ्याचं काहीबाही बोलायची आणि उठून पुढच्या दाराकडे जायची. एक वाटीसुद्धा विकली गेलेली नसे, तरी ती रिकाम्या हातांनी गेली असं कधी वाटलं नाही. तिच्या पायरीवरच्या त्या बसण्यात दुपार जरा विसावायची.

लक्सरमध्ये आईचं ते वाक्य कितीदा ओठांपर्यंत आलं. पण तिथं मी एक दृश्य पाहिलं होतं. राजांच्या दरीत शिरताना कुणा प्रवाशाने हसून ‘लेटर’ म्हटलं होतं, आणि थडग्यांतला काळोख बघून, थकून, लाल होऊन तो बाहेर आला तेव्हा तोच विक्रेता त्याच पुतळ्यांसह त्याच जागी उभा होता. ‘यू प्रॉमिस,’ तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, हक्क होता. सोपं जावं म्हणून टाकलेला तो शब्द त्या माणसाने उन्हात जपून ठेवला होता. आईच्या परवाला खरोखरच एक दिवस होता आणि त्या दिवशी ती त्याच उंबऱ्यावर असणार होती. आमची बोट संध्याकाळी सुटायची होती.

प्रवाशापाशी परवा नसतो.

म्हणून त्याचा नकार आजचा, आत्ताचा आणि पुरा असावा लागतो. आशेची चिंधी मागे न ठेवणारा. असा पुरा नकार कठोर न होता देता येतो का, हे मी त्या प्रवासात शोधत राहिले, आणि ते मला दिसलं एका दुकानाच्या पायरीवर.

पश्चिम तीरावर, डोंगरांच्या पायथ्याशी, अलाबास्टरच्या कार्यशाळा आहेत. दाराशी बसून माणसं दगड घासत असतात, पांढरी पूड त्यांच्या भुवयांवर, पापण्यांवर साचलेली. एका म्हाताऱ्याने मला बोलावलं आणि पातळ कोरलेल्या फुलदाणीत पेटता टॉर्च सोडला. दगड आतून मधाच्या रंगाने भरून आला. त्याच्या शिरा, त्याचे ढग, त्याच्या पोटातली जुनी संध्याकाळ, सगळं उजळलं. तेवढ्यात चहाचं ताट घेऊन एक पोरगा आला आणि त्याने म्हाताऱ्यापुढे पेला धरला. म्हाताऱ्याने उजवा हात छातीवर टेकला, मान किंचित झुकवली, हसला. बस. पोरगा तितकाच हसून पुढे गेला. त्या हातात ‘नको’ होतं, आणि तुझं देणं माझ्यापर्यंत पोहोचलं, हेही होतं.

मग म्हातारा माझ्याकडे वळला. भाव सांगितला, उतरवला, आणखी उतरवला. मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं, उजवा तळवा काळजावर ठेवला आणि म्हटलं, ‘ला, शुक्रान.’ नको, आभारी आहे. त्याने टॉर्च विझवला. फुलदाणी पुन्हा दगड झाली. आणि त्यानेही हात छातीवर नेला. मला वाटतं तो थकलाही होता, निराशही झाला असेल. पण आम्हा दोघांचे हात आपापल्या धडधडीवर होते आणि मधली हवा मोकळी होती.

पुढे एस्नापाशी नदीवर बांध आहे. तिथं पाणी चढवून बोटींना वरच्या पातळीवर नेतात आणि आपली पाळी येईपर्यंत बोटी रांगेत थांबतात. उतरत्या दुपारी आम्ही तसेच थांबलो असताना वल्ह्यांच्या होड्या आल्या, दोर टाकून आमच्या बोटीला बिलगल्या, आणि खालून कापडं उडू लागली. प्लास्टिकच्या पिशव्यांत घड्या घातलेले गलाबिये म्हणजे पायघोळ झगे, टेबलक्लॉथ, शाली तीन मजले वर, थेट डेकवर. निळ्या आकाशात क्षणभर थांबल्यासारखी दिसणारी ती गाठोडी धप्पकन पायाशी पडत. हवं तर पिशवीतून पैसे खाली सोडायचे. नको असेल तर पिशवी परत फेकायची. आणि खाली तर नदी. नेम चुकला तर माणसाची रोजी पाण्यात. कठड्याला टेकून, वाकून, त्याच्या पसरलेल्या हातांचा अंदाज घेऊन, वाऱ्याचा झोत जाऊ देऊन मग सोडायची.

नकारही नेम धरून द्यावा लागतो.

आमच्या डेकवरच्या एका वयस्क बाईंनी कापड परत करताना पिशवीत एक नोट सरकवली. होडीवाल्याने पिशवी झेलली, उघडली, नोट पाहिली आणि वर पाहिलं. मग तळाच्या गाठोड्यातून एक लहानसा रुमाल काढला, पिशवीत घातला, आणि सगळं बळ लावून वर भिरकावला. बाई हातानेच नको नको करत होत्या. त्याने वल्हं आडवं टाकलं, उभ्या डुगडुगत्या होडीत तोल सावरला आणि उजवा हात छातीवर ठेवला. त्या उंचीवरून त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता, हात दिसत होता. सौदा तो दिवसभर मागत होता. भीक त्याने नाकारली. सकाळपासून आम्हीच नकार देत आलो होतो. तो एक नकार त्याचा होता आणि आमच्या सगळ्यांच्या नकारांहून तो देखणा होता.

एस्ना हे ख्नूमचं गाव. मेंढ्याच्या डोक्याचा हा देव कुंभाराच्या चाकावर नाईलचा गाळ घेऊन माणसं घडवतो, अशी तिथली जुनी श्रद्धा. त्याचं देऊळ आजच्या रस्त्याहून सुमारे नऊ मीटर खाली आहे. बाजारातून पायऱ्या उतरत जायचं. त्याच्या छतावर शतकांची काजळी बसली होती. २०१८ पासून इजिप्शियन आणि जर्मन मंडळींनी ती हलक्या हाताने पुसायला घेतली, आणि आतून रंग निघाले. निळे, पिवळे, तांबडे, काल लावल्यासारखे. वर विकणाऱ्यांच्या हाका आणि खाली हे उजळलेलं छत. मला आमच्या तेरच्या गोरोबाकाकांची आठवण झाली. मडकं थापटून पाहावं तशी त्यांनी संतांची डोकी थापटून पाहिली होती, कच्चं कोण नि पक्कं कोण ते. प्रवासात दर दहा पावलांवर येणारी हाक ही तशी थापटणीच. विकत घेताना माणूस गोड असतोच, पैशाचा मऊपणा त्याच्या वागण्यात उतरतो. नको म्हणताना तो कसा वाजतो, त्यावर त्याचं भाजणं कळतं.

अस्वानला नदी रुंद होते, काळ्या गुळगुळीत खडकांमधून हळू वाहते. आमची फेलुका वाऱ्यावर तिरकी झाली होती तेव्हा फळीच्या चिमुकल्या तराफ्यावर बसून, हातांनी पाणी मारत एक मुलगा आला. त्याने आमच्या काठाला धरलं आणि गायला लागला. फ्रेंच, मग इंग्रजी, मग हिंदी सिनेमातलं काहीतरी, शब्द मोडलेले आणि सूर पक्का. कापड परत फेकता येतं, भुंगेरा परत ठेवता येतो. गाणं परत करता येत नाही. ते आलेलंच असतं. आणि शाळेच्या वेळी नदीत गाणाऱ्या पोराच्या हातावर नाणं ठेवलं की उद्याही तो नदीतच असणार, हेही मनाला टोचत होतं. मी छातीवर हात ठेवला. त्याने काठ सोडला नाही. तेव्हा मी गायले. आईने मांडीवर घेऊन म्हटलेलं एक बडबडगीत, टाळ्यांसकट. मुलगा थबकला. ओले केस मागे सारून ऐकत राहिला. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा शेवटचा शब्द त्याने उचलला, त्याच्या जिभेवर तो वेगळाच गोल झाला, आणि तो मोठ्याने हसला. मग काठ सोडून, तोच शब्द ओरडत, पुढच्या फेलुकेकडे निघाला. त्याला पैसे मिळाले नव्हते. आईने पुढे केलेला पाण्याचा तांब्या मात्र त्याला मिळाला असावा, असं मला वाटतं.

सगळंच कुणाला विकत घेता येत नाही. जग आपल्या पिशवीहून फार मोठं आहे आणि त्यात आर्जवं करणारे गळे आपल्या खिशातल्या नाण्यांहून अधिक आहेत, हे दुःख कुठल्याच सौजन्याने मिटणार नाही. तरी बोलावणाऱ्याकडे मान वळवून पाहणं, खोटी आशा न देता स्पष्ट नको म्हणणं, आणि म्हणताना त्याच्या कष्टांपुढे जरा झुकणं, एवढं कुठल्याही मुलखात, कुठल्याही खिशाला परवडतं. दूर देशी जाणाऱ्याने सामानात कपडे आणि औषधं भरण्याआधी आपला नकार नीट घडवून घ्यावा. वस्तू आपण वेचून चारदोन घेतो. बाकीच्या असंख्य माणसांना आपल्याकडून मिळतो तो हा नकारच, आणि तेवढ्यावरूनच ती आपल्याला ओळखतात.