उधारीचं पान

बाबांच्या हिशेबी जगात माणसं दोनच प्रकारची, पगारी आणि बिनपगारी. आमचं घर पक्कं पगारी. जबलपुरात 1904 साली गन कॅरेज फॅक्टरी निघाली आणि पुढे केव्हातरी पणजोबा नागपूरकडून इथं येऊन तिथं चिकटले. तेव्हापासून घरातला थोरला भोंग्याबरोबर डबा घेऊन निघायचा. मी धाकटी, त्यातून मुलगी. माझ्यासाठी मास्तरकी ठरलेली होती. ओमतीतल्या स्टुडिओत निगेटिव्ह रिटच करायला जाऊ लागले ते 'सुट्टीपुरतं' असं सांगून. आई अजूनही कधी कधी विचारते, सुट्टी संपली का गं?

स्टुडिओ घंटाघराजवळच्या गल्लीत, एका जिन्याखाली. मालकांना सगळी ओमती मास्टरजी म्हणे. पुढे बाकडं आणि रंगवलेला काश्मीरचा पडदा, मागे डार्करूम. हायपोचा आंबूस वास कपड्यांतून घरापर्यंत यायचा. माझी जागा खालून दिवा लावलेल्या तिरक्या काचेपाशी. निगेटिव्हवर मीडियमचा बोळा फिरवायचा, पेन्सिलीचं शिसं सँडपेपरवर घासून सुईसारखं करायचं, आणि डाग भरायचे. चेहऱ्यावरचा काळा डाग निगेटिव्हवर फिका दिसतो. तेवढी जागा शिशाने भरली की प्रिंटवर तो नाहीसा होतो. हात जड पडला तर गालावर पांढरा चट्टा उठतो. मास्टरजी पाठीमागून बघत असायचे. 'तिल रहने दे,' म्हणायचे, 'तिल मिटा दिया तो अम्मा नहीं पहचानेगी.' पोर्ट्रेट म्हणजे काय हे मला पुढे पुष्कळ पुस्तकांनी सांगितलं, पण ह्याच्यापलीकडचं फारसं काही नाही.

मला स्वतःचे फोटो काढायचे होते. मास्टरजींनी त्यांचा यशिका माझ्या गळ्यात अडकवला आणि रोल दिला. किंमत वहीत लिहिली. माझ्या नावाचं पान उघडलं गेलं ते त्या दिवशी.

भेडाघाटला संगमरवर मीटरला हटकून फसवतो. मीटरचा कारभार असा की समोर जे असेल ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं तो धरून चालतो. म्हणून पांढरेशुभ्र कडे प्रिंटवर राखेचे होऊन येतात. मास्टरजींचा उपाय सोपा होता. उन्हात आपला तळहात धरायचा, मीटर त्यावर लावायचा आणि वर एक स्टॉप जास्त द्यायचा. पंचवटी घाटावरून नाव निघाली की नावाडी यमक जुळवत कड्यांची नावं सांगू लागतो, पर्यटक हसतात, नाव हलते आणि फोटो हलतो. एका म्हाताऱ्या नावाड्याने माझा तळहाताचा खटाटोप पाहिला आणि बंदरकूदनीपाशी, जिथं दोन्ही कडे अगदी जवळ येतात, वल्ही पाण्यात रोवल्यासारखी धरून नाव थोपवली. बोलणंही बंद केलं. बाकीचे प्रवासी कुरकुरले, त्याने लक्ष दिलं नाही. नंतर मी एकटीच जाऊ लागले तर भाडं घेईना. त्याला हवा होता तो त्याच्या वडिलांचा फोटो मोठा करून. मूळचा, पाण्याने खराब झालेला, नखाएवढा. तो मी रात्री बसून शिशाने भरून काढला. त्याच्या घरी भिंतीवर आहे. माझ्या नावावर लोक जी चित्रं ओळखतात त्यांतली निम्मी त्याच्या नावेतून काढलेली आहेत, तेव्हा आमची फिटंफाट झाली असं मी तरी समजत नाही.

पोट मात्र लग्नांवर. देवउठनी एकादशीपासून आषाढापर्यंत धावपळ आणि पुढचे चार महिने कोरडे, पाऊस असून कोरडे. बाई फोटोग्राफर म्हटल्यावर लोक आधी बिचकत, मग त्यांच्याच लक्षात येई की हळदीच्या खोलीत हिला बिनधास्त सोडता येतं. तिथं पुरुष फोटोग्राफर दारातूनच फ्लॅश मारायचे. मी आत बसून चहा प्यायचे. पैसे मागायची मात्र जीभ उचलत नसे. मराठी घरात वाढलेल्या मुलीला 'असू दे हो' एवढंच येतं. मास्टरजींनी नियम घालून दिला: बयाणा हातात आल्याशिवाय बॅगेची चेन उघडायची नाही. पहिल्यांदा तेच बरोबर आले आणि वधूपित्यासमोर मख्ख उभे राहिले, त्यांनी पाकीट काढेपर्यंत.

आणखी एक गोष्ट त्यांनी वकिलाकडून माहीत करून घेऊन मला सांगितली. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे लग्नं त्यांची. नर्मदा माझी. हे कळल्यावर सगळे पावसाळे मी नदीवर घालवले.

बाबांना मी गौतम राजाध्यक्षांचं उदाहरण द्यायचे, त्यांनी नाही का 1987 मध्ये लिंटास सोडून पूर्ण वेळ कॅमेरा धरला? बाबांचं उत्तर तयार असे. 'आधी बारा-तेरा वर्षं पगार घेतला त्यांनी. आणि ती मुंबई.' खरं होतं, दोन्ही.

22 मे 1997 च्या पहाटे भूकंप झाला. 5.8 चा. मदनमहालचा तो एकावर एक तोललेला खडक जागचा हलला नाही म्हणून सगळे कॅमेरे तिकडे धावले. मास्टरजींच्या डार्करूमची भिंत तडकली होती. त्यांनी शटर अर्धं वर करून कपाटातले होते तेवढे रोल माझ्या पिशवीत ओतले, वही उघडलीच नाही. 'खडक उद्याही असेल, खाटा नसतील,' एवढंच म्हणाले. रस्त्यावर खाटा टाकून झोपलेल्या मोहल्ल्यांचे ते फोटो पुढे एका साप्ताहिकाने छापले. मानधन आलं नाही, पण अंक घेऊन बाबा फॅक्टरीत गेले. त्याच वर्षी गणपतीत गोलबाजारच्या दत्तमंदिराजवळ आमच्या मराठी मंडळींनी मला एक भिंत दिली. आरतीला आलेले लोक खाटांपाशी थांबून आपापल्या गल्ल्या शोधत होते.

गेल्या देवउठनीला मी मास्टरजींकडे पैसे घेऊन गेले. स्टुडिओ आता पुतण्या चालवतो, डार्करूमच्या जागी प्रिंटर आहे. मास्टरजींनी वही काढली, माझं पान चष्मा वरखाली करत वाचलं. 'इसमें तारीख ही नहीं डाली, ब्याज कैसे जोड़ूँ?' म्हणाले आणि वही मिटली. मग कोपऱ्यात बसलेल्या एका मुलीकडे बोट दाखवलं. उद्याच्या वरातीत ती माझ्याबरोबर येणार होती, मला न विचारता ठरलं होतं.

मी विचारलं, हिला एक्सपोजर कळतं का?

'वो तो नहीं पता,' मास्टरजी म्हणाले, 'बयाना माँग लेती है.'